हळू वाजणारा स्पीकर मिळेल का?

सुभाष रोडच्या आसपास एखाद्या स्पीकर रिपेअरिंगच्या दुकानात जा आणि सांगा, की गिटारच्या अ‍ॅम्पचा स्पीकर गेलाय, दुसरा बसवायचाय. पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती वॅटचा देऊ?" त्यावर तुम्ही म्हणालात, की कमी आवाजाचा द्या, तर दुकानदार एकदा तुमच्याकडं बघतो, एकदा अ‍ॅम्पकडं. त्याचं तरी काय चुकलं? त्यानं आयुष्यभर आवाज वाढवायला आलेली गिऱ्हाईकं पाहिलीत. लग्नसराई, मिरवणुका, बेंजो पार्टी, ऑर्केस्ट्रा, ट्रॅक्टरवरचा टेप. आवाज कमी करून द्या म्हणणारं कुणी त्याच्या दारात येतच नाही.

पण असं गिऱ्हाईक आहे. मी आहे, माझ्या ओळखीतले चार-पाच जण आहेत. पाटोदा, शिरूर, केज, धारूरकडून बीडला शिकायला येऊन खोली करून राहायचं, पैसे साठवून जुनी इलेक्ट्रिक गिटार आणि जुना अ‍ॅम्प घ्यायचा, आणि मग कळतं की वाजवायला जागाच नाही. वर पत्रा, मधे एका विटेची भिंत, पलीकडं नीटचा नाहीतर पोलीस भरतीचा अभ्यास करणारं कुणीतरी, आणि खाली घरमालकीण काकू, ज्यांना दुपारी जरा डोळा लागतो.

मागच्या उन्हाळ्यात माझ्या अ‍ॅम्पचा स्पीकर खरखरायला लागला. अ‍ॅम्प ४० वॅटचा, सेकंड हँड, आत १० इंची स्पीकर. मी शहाणपणा केला आणि मंडपवाले वापरतात तसला १०० वॅटचा बसवून घेतला. "जळायचं नाव घेणार नाही," असं सांगण्यात आलं. जळला नाही, हे खरं आहे. पण आवाजाची खुंटी शून्यावरून जराशी सरकवली की पत्रा थरथरायचा. शून्य आणि एक यांच्या मधे काही उरलंच नाही. आठव्या दिवशी शेजारच्या खोलीतली मुलगी दारात उभी. भांडली नाही. "ताई, माझा पेपर आहे रविवारी," एवढंच म्हणाली. त्यानंतर दीड महिना गिटार पलंगाखाली.

आता यात चूक कुणाची? वाजवणारीनं वाजवू नये का, की अभ्यास करणारीनं सहन करावं? आपल्याकडं हा वाद नेहमी असाच मांडला जातो. आमचं म्हणणं वेगळं आहे. चूक स्पीकरच्या निवडीत होती, आणि ती निवड 'वॅट' नावाच्या एका गैरसमजावर झाली होती. खोलीत वाजवायला स्पीकर घेताना वॅटचा आकडा शेवटी बघायचा. आधी बघायचा तो डेसिबलचा, आणि तोही कमी असलेला.

जरा नीट सांगते. इलेक्ट्रिक गिटारचा स्वतःचा आवाज अगदी बारीक असतो. तारेची थरथर वीज होऊन अ‍ॅम्पमध्ये जाते, तिथं ती मोठी होते आणि स्पीकरच्या कॉइलमधून वाहते. कॉइल मॅग्नेटच्या फटीत पुढं-मागं हलते, तिला चिकटलेला कागदी कोन हवा ढकलतो. झाला आवाज. १९२५ मध्ये अमेरिकेत राइस आणि केलॉग या दोघांनी या रचनेवरचा शोधनिबंध मांडला. शंभर वर्षं उलटली, तरी मूळ कल्पना तीच आहे. स्पीकरवर लिहिलेले वॅट म्हणजे त्या कॉइलला किती वीज सोसते, एवढंच. जळण्याआधीची मर्यादा. तो किती मोठ्यानं वाजेल, हे त्यातून कळत नाही. ते कळतं सेन्सिटिव्हिटीच्या आकड्यावरून : स्पीकरला १ वॅट दिला आणि १ मीटरवर मोजलं, तर किती डेसिबल आवाज येतो.

एकाच कंपनीची उदाहरणं घेऊ. सेलेस्टियन ही ब्रिटिश कंपनी. तिचा 'ब्लू' नावाचा १२ इंची स्पीकर फक्त १५ वॅटचा आहे आणि त्याची सेन्सिटिव्हिटी १०० डेसिबल. तिचाच 'व्हिंटेज ३०' ६० वॅट सोसतो, तोही १०० डेसिबल. 'ग्रीनबॅक' २५ वॅटचा, ९८ डेसिबल. आणि 'एट फिफ्टीन' नावाचा छोटा ८ इंची आहे, तो ब्लूइतकाच, १५ वॅटचा. पण सेन्सिटिव्हिटी ९४. बघा म्हणजे, १५ वॅटचे दोन स्पीकर आणि दोघांत ६ डेसिबलचा फरक. दर ३ डेसिबलला ताकद दुप्पट धरतात. ९४च्या स्पीकरनं जेवढा आवाज काढायला ४ वॅट लागतील, तेवढा १००चा स्पीकर १ वॅटमध्येच काढतो. आपल्याला खोलीत नेमका हाच 'चांगला' स्पीकर नको आहे.

गिटारचे स्पीकर इतके तिखट का बनवले गेले, यालाही कारण आहे. १९५०च्या दशकातले अ‍ॅम्प लहान होते. ब्लू स्पीकर ज्यात बसायचा तो १९५८चा व्हॉक्स एसी १५ अ‍ॅम्प १५ वॅटचा. एवढ्यात ड्रमच्या शेजारी उभं राहून सगळा हॉल भरायचा, तर स्पीकरनं प्रत्येक वॅट पिळून काढणं भागच होतं. म्हणून कोन हलके, मॅग्नेट दमदार. ती गरज हॉलची होती. आपण मात्र दहा बाय दहाच्या खोलीत बसून तोच स्पीकर मागतो, कारण मोठ्या गिटारवाल्यांच्या मागच्या डब्यांत तो असतो. हे म्हणजे वरण ढवळायला लग्नातला झारा आणण्यासारखं झालं.

हिशेब करून बघा. १०० डेसिबलच्या स्पीकरला वॅटचा फक्त शंभरावा हिस्सा दिला, तरी १ मीटरवर ८० डेसिबल येतात. आणि आपल्या देशातले ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम काय म्हणतात? रहिवासी भागात दिवसा ५५, रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ४५ डेसिबल. खासगी जागेत वाजणाऱ्या साउंड सिस्टिमचा किंवा वाद्याचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या आकड्यापेक्षा ५ डेसिबलहून जास्त जाता कामा नये. म्हणजे रात्री ५०. जाता जाता, सण-उत्सवांना रात्री १२ पर्यंत सवलत देण्याचे वर्षात १५ दिवस राज्य सरकारच्या हातात असतात. गिटारच्या रियाजाला असा एकही दिवस नाही, आणि असावा असं आमचं म्हणणंही नाही. जाड विटेची भिंत बराच आवाज अडवते. पत्रा, खिडकीची फट आणि दाराखालची जागा मात्र जवळपास काहीच अडवत नाहीत, आणि आपल्या खोल्या या तीन गोष्टींच्याच बनलेल्या असतात.

आता प्रामाणिकपणे एक गोष्ट. कमी सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर बसवला म्हणजे जादू होत नाही. ३ डेसिबलचा फरक कानाला जेमतेम कळतो. आवाज 'निम्मा झाला' असं वाटायला साधारण १० डेसिबल कमी व्हावे लागतात. मग उपयोग काय? उपयोग खुंटीचा. स्वस्त अ‍ॅम्पच्या खुंटीवर सगळा खेळ पहिल्या पाव इंचातच असतो, तिथं हात थरथरला तरी आवाज दुप्पट होतो. स्पीकर ५-६ डेसिबल मंद असेल तर खुंटी मोकळी होते, एकवरून दोन-तीनवर येते, आणि हवा तेवढाच आवाज लावता येतो.

शिवाय आणखी एक गंमत ओहममध्ये आहे. ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्पवर मागं लिहिलेलं असतं, किमान ४ ओहम. त्याला ४ ऐवजी ८ ओहमचा स्पीकर जोडला तर ताकद साधारण निम्मी होते. दुकानात हे तोटा म्हणून सांगतात. आपल्यासाठी हा फुकटातला ३ डेसिबलचा फायदा. ९८चा ४ ओहमवाला काढून ९४चा ८ ओहमवाला लावला, तर खुंटी त्याच जागी असताना एकूण ७ डेसिबलच्या आसपास आवाज उतरतो. ते काही थोडं नाही. पण उलटं करायचं नाही. ८ ओहम किमान लिहिलं असेल आणि ४ चा जोडला, तर अ‍ॅम्प तापून बसतो. आणि अ‍ॅम्प व्हॉल्व्हचा, म्हणजे आत काचेच्या नळ्या असलेला असेल, तर ही गंमत करूच नका. जितके ओहम लिहिलेत तितकेच लावायचे, आणि स्पीकर काढून ठेवलेला असताना अ‍ॅम्प चुकूनही चालू करायचा नाही. आतला आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो, आणि तो बदलणं म्हणजे स्पीकरपेक्षा महागात पडतं.

वॅट मग बघायचेच नाहीत का? बघायचे, पण खालची हद्द म्हणून. अ‍ॅम्प जेवढे वॅट देतो त्यापेक्षा स्पीकरची सहनशक्ती कमी नको. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प फाटेपर्यंत वाजवला तर लिहिलेल्यापेक्षा जास्त देतो, तिथं दीडपट-दुप्पट ठेवा. त्यापुढं वॅट वाढवून काही मिळत नाही. कॉलर ताठ होते तेवढीच.

नवा घेण्याआधी जुना खरंच गेलाय का, हे तपासा. मी तपासलं नव्हतं. मल्टिमीटर लावा. ८ ओहमचा चांगला स्पीकर मीटरवर ६-७ ओहम दाखवतो, ४ चा ३ च्या थोडा पुढं-मागं. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटली. मीटर नसेल तर घड्याळातला सेल काढून त्याच्या दोन टोकांना स्पीकरच्या वायरी क्षणभर टेकवा. 'टप्' असा आवाज आला आणि कोन हलला, तर कॉइल जिवंत आहे. मग दोन्ही हातांच्या बोटांनी कोन चहूबाजूंनी सारखा, हलकेच आत दाबा. घासल्यासारखं खर्र वाजलं तर कॉइल फटीत घासतेय. काहीच खराबी सापडली नाही, तर स्क्रू, जॅक, आतली वायर, पुढची जाळी, सगळं हलवून बघा. बऱ्याचदा खरखर एखाद्या सैल स्क्रूची असते आणि बिल मात्र स्पीकरचं होतं.

नवा बसवायचाच असेल तर फूटपट्टी घेऊन दुकानात जा. भोकाचा व्यास, स्क्रूंमधलं अंतर आणि खोली, तिन्ही मापं. खोली विसरली की नव्या स्पीकरचं मॅग्नेट आतल्या ट्रान्सफॉर्मरवर आपटतं.

कोणता नाही घ्यायचा, हेही सांगायला हवं, कारण दुकानात हाताशी तेच असतात. गाडीतला वूफर कमी सेन्सिटिव्हिटीचा असतो, मग मोह होतो. पण तो खालच्या सुरांसाठी घडवलेला, गिटार त्यातून गोधडीखालून आल्यासारखी वाजते. घरातल्या म्युझिक सिस्टिमचा स्पीकर ट्वीटरसकट लावला तर उलट दुखणं : अ‍ॅम्पचा आवाज जरा फाटका केला की वरचे सूर कानात काटे टोचतात. गिटारचा स्पीकर ५ हजार हर्ट्झच्या आसपास वरचे सूर आपणहून गाळतो. ती गाळणीच गिटारचा आवाज आहे, म्हणून स्पीकर गिटारचाच हवा. मंडपाचा १०० वॅटवाला काय करतो, ते माझ्या शेजारणीला विचारा.

हळू आवाजात आणखी एक अडचण येते आणि तिचा दोष बिचाऱ्या स्पीकरला लागतो. आवाज कमी असला की आपला कान खर्जाचे आणि अगदी वरचे सूर जास्तच कमी ऐकतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवलं. म्हणून हळू वाजवताना गिटार पातळ, नाकातली वाटते आणि हात आपोआप खुंटीकडं जातो. तिथं खुंटी न वाढवता बेस थोडा वाढवा. आणि स्पीकर निवडताना दुकानातच हळू वाजवून बघा. मोठ्यानं सगळेच स्पीकर चांगले वाटतात. कुजबुजीएवढ्या आवाजात ज्याचा खर्ज शाबूत राहतो, तो आपला.

एवढी भानगड कशाला, हेडफोन लाव ना, असं मला निदान दहा जणांनी सांगितलं. लावते मी, रात्री दहानंतर दुसरा मार्गच नाही. पण हेडफोन म्हणजे सुरक्षित, असं समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेचा ठोकताळा ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास असा आहे. आवाज वाढला की ते तास झपाट्यानं कमी होतात, आणि कानात घातलेला आवाज किती आहे ते शेजारीण येऊन सांगत नाही. शिवाय मैत्रीण गाणार आणि मी साथ करणार, तर दोघींनी एकमेकींना ऐकायचं कसं?

महागड्या वाटाही आहेत. एमिनन्स या अमेरिकन कंपनीनं मागं खुंटी असलेले स्पीकर काढले. ती फिरवली की मॅग्नेटचा जोर कमी होतो आणि आवाज ९ डेसिबलपर्यंत उतरतो. कल्पना झकास आहे. परदेशी माल, त्यावर कर, मग कुरिअर, असं करत तो बीडपर्यंत आणायचा तर मेसचे पैसे कुठून द्यायचे, हा प्रश्न उरतो.

माझं उत्तर शेवटी इथंच निघालं. जुना खरखरणारा स्पीकर टाकून दिला नव्हता. तो घेऊन एका म्हाताऱ्या कारागिराकडं गेले. मॅग्नेट आणि सांगाडा ठणठणीत होता, कोन आणि कॉइल नवी भरायची होती. मी म्हणाले, "काका, कॉइल ८ ओहमची भरा आणि कागद जरा जड वापरा." हलणारा भाग जड झाला की त्याच विजेत कोन कमी हलतो, सेन्सिटिव्हिटी उतरते. काका हसले. "म्हंजी मुद्दाम मंद करायचा व्हय?" मग स्वतःच कोनांच्या गठ्ठ्यातून दोन-तीन उचलून तळहातावर तोलून बघितले आणि त्यातला जाड निवडला. तिसऱ्या दिवशी स्पीकर तयार. पैसे नव्याच्या मानानं किरकोळ. किती डेसिबल उतरले, ते मोजायला माझ्याकडं मीटर नव्हता. खुंटी आता तीनवर असते आणि पत्रा गप्प असतो.

ज्या गावात दर लग्नसराईला जळलेल्या कॉइलींचे ढीग निघतात, तिथं अशी विद्या असणारच. ती फक्त आवाज वाढवण्यासाठीच वापरली जाते, कारण आपण दुसरं काही मागत नाही. म्हणून दुकानदारांना आमचं सांगणं आहे, की स्पीकर विकताना वॅटच्या शेजारी ओहम आणि डेसिबलही सांगा. चांगल्या कंपन्या हे आकडे छापतात, उरलेल्यांकडं मागा. आणि कॉलेजांना हे, की गॅदरिंगच्या आधी आठ दिवस हॉल उघडून रियाज होत नसतो. संध्याकाळी रिकामा पडलेला एखादा पक्क्या भिंतींचा वर्ग, वहीत नाव आणि वेळ लिहून, वर्षभर मिळायला काय हरकत आहे? लायब्ररीपासून लांबचा बघा म्हणजे झालं.

तोवर आमची सोय आम्ही करतोय. अ‍ॅम्प फरशीवरून उचलून खुर्चीत ठेवलाय, खाली घडी केलेली सतरंजी, तोंड दाराकडं नाही, कपड्यांच्या कपाटाकडं. वेळ संध्याकाळी साडेसहा ते साडेसात, शेजारणीला विचारून ठरवलेली. त्या वेळात ती जेवणाचा डबा आणायला जाते. तिचा तो पेपर झाला, पुढचा डिसेंबरात आहे.